डेल्टा म्हणजे थोडंसं

शहापूरच्या आमच्या शाळेत तक्ता आला तो कानडीत छापलेला.
सांबरेकर बाई दोन रविवार शिडीवर होत्या,
चौकटी-चौकटीत पेन्सिलीनं मराठी नावं घालत.
लँथॅनमच्या रांगेशी पोचल्या तेव्हा पेन्सिल बोटभर उरली.
तळाच्या त्या दोन ओळी कानडीतच राहिल्या,
कुणाचं काही अडलं नाही.

"डावीकडनं उजवीकडं ओढ वाढते," बाई म्हणाल्या,
"वरनं खाली उतरलं की घटते."
आडव्या ओळीत गाभ्यात प्रोटॉन भरत जातात
आणि कवच तेच.
खाली मात्र कवचावर कवच,
थंडीत शालीवर शाल घ्यावी तसं,
मग काठावरच्या इलेक्ट्रॉनला
आतली हाक ऐकूच येत नाही.

सीझियम, पॉइंट सात नऊ :
दारात आलेल्याला काढून देतो नि मोकळा होतो.
फ्लोरीन, तीन पॉइंट नऊ आठ :
साखर मागायला येतो, वाटीही नेतो.
निऑनच्या चौकटीत बाईंनी नुसती रेघ मारली.
"तो कुणाशी जोडूनच घेत नाही, मोजायचं काय?
एकट्याची ओढ नसते गं. दोघं लागतात."

मी पोतदाराची पोर. मी आधी सोनं शोधलं.
तांबं एक पॉइंट नऊ,
त्याखाली चांदी, जराशी जास्त,
त्याखाली सोनं, अडीचच्याही वर.
"बाई, हे तर उतरताना वाढतंय की ओ!"
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"वाढतंय. कारण आहे. तुझ्या इयत्तेच्या पुढचं आहे."
रात्री वडिलांना सांगितलं.
ते झारेकऱ्यासाठी दुकानातला केर पुडीत बांधत होते.
म्हणाले, "तक्त्याला आत्ता कळलं होय?"

मग फळ्यावर हायड्रोजन आणि क्लोरीन,
मध्ये दोन ठिपके.
"जोडी दोघांची. पण क्लोरीनकडं सरकलेली.
नेली नाही हं. सरकलेली."
एका डोक्यावर डेल्टा अधिक, दुसऱ्यावर डेल्टा उणे.
"डेल्टा म्हणजे थोडंसं."
मागच्या बाकावरनं मल्लेशी हुदलीनं विचारलं,
"म्हंजे आपलं गाव, बाई? ते कुणीकडं सरकलंय?"
वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"गावाला गाभा किती आणि कवचं किती,
ते मोजून आण. मग सांगते."
मल्लेशीनं वहीत खरंच काहीतरी लिहिलं.

नळ त्या दिवशी साडेअकराला यायचा होता, बाराला आला.
जानेवारीचं कोरडं ऊन.
बाईंनी नळ बारीक सोडला, दोऱ्याएवढा,
आणि पर्समधनं फणी काढली.
माझ्या वेणीवर घासली. तेल. काही झालं नाही.
सुलोचना कंग्राळकरच्या वेणीवर घासली. तेल.
अख्खा वर्ग पॅराशूटमध्ये बुडालेला.
शेवटी शिपाई नागाप्पांना बोलावलं.
त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली,
"इल्लि नोडु," म्हणाले, "इथं बघा, हितं कोरडं हाय."
बाईंनी अदबीनं पाचसहा वेळा फणी फिरवली
आणि धारेजवळ नेली.

धार वाकली.
पडता पडता फणीकडं वळली,
आणि पुन्हा खाली पडत राहिली.
नागाप्पांनी टोपी घालायचं सोडून हात पुढं केला,
मध्येच थांबवला.

"पाण्याच्या रेणूतसुद्धा थोडंसं असतं," बाई म्हणाल्या.
पुढं धारवाडला शिकताना समजलं,
धार वाकायचं कारण तेवढंच नव्हतं,
त्यात आणखी भानगडी आहेत,
आणि सोन्याचं कारणही मिळालं, पानभर गणितात.
बाईंना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं कार्डावर :
"छान. तळाच्या दोन ओळी अजून राहिल्यात.
सुट्टीत आलीस की पेन्सिल आण."